मासोळ्यांचा उपास

सोम., ३ फेब्रु.
टाकीचं पाणी तपासायच्या नळीत पुन्हा हिरवं. पिवळं हवं होतं. म्हणजे मासोळ्यांच्या घाणीचं विष, अमोनिया, आहेच. रो.ला सांगितलं नाही. ढेमसं आणि केशर तिच्या शाळेपासूनच्या मासोळ्या. लग्नानंतर तिच्या माहेरून, जवाहरनगरहून आणताना मीच म्हणालो होतो, माझ्यावर सोपव.

नागपूरच्या टाकीवाल्याला फोन केला. म्हणाला, "भाऊ, टाकी नवी आहे. घाण खाणारे जिवाणू जमले नाहीत अजून. जुन्या टाकीचा स्पंज लावला ना?" लावला. आधी साबणाने धुऊन उन्हात वाळवला, असंही सांगितलं. "अरे भाऊ, जिवाणू त्यातच होते!" मग, "खाणं कमी करा. पाणी रोज थोडं बदला."

बुध., ५ फेब्रु.
नवी सून बघायला बायका येतात. रुखवत बघतात, रो.ला काहीतरी भरवतात, मग तिच्या मासोळ्यांनाही. आज शेजारच्या मीराकाकूंनी रव्याचा लाडू कुस्करून टाकला. मी ओरडलो तर आईच माझ्यावर, "सुनेच्या माहेरचे पाहुणे होत बाबू थे. उपाशी ठेवतं?"

हिरवा रंग गडद. केशर वर येऊन तोंड उघडझाक करते. विहिरीचं पाणी काढून बदललं. छपाईच्या दुकानात लग्नपत्रिकेचं प्रूफ तपासताना नवरीचं नाव दोनदा वाचलं, तरी चूक राहिलीच.

शनि., ८ फेब्रु.
युक्ती रो.ची. सकाळी आईला म्हणाली, "आई, आज एकादशी. मासोळ्यांचापण उपास." आईला एकदम पटलं. टाकीला हात जोडले.

संध्याकाळी नळी आजवरची सर्वांत गडद. समजेना. वाकून पाहिलं तर खड्यांत पांढरे मणी. साबुदाणा!

आई : "उपासाले चालते ना! मीठ-तिखट काहीच नाही टाकलं."

मी चिडायच्या तयारीत, तोवर रो. हसत हसत जमिनीवर बसली. आल्यापासून पदर तोंडाला न लावता हसलेली आजच पाहिली. मग मीही. साबुदाणा नळीने ओढताना तोंडात पाणी गेलं, ते वेगळंच.

रवि., ९ फेब्रु.
ढेमसं तळाशी. पर अंगाला चिकटलेले. कालचं हसू कुठल्या कुठे. सकाळी पाणी बदललं, दुपारी पुन्हा बदललं. रो. टाकीजवळून हलत नाही. एवढंच म्हणाली, "तिकडेच राहिल्या असत्या तर..." मलाही जेवण गेलं नाही.

बुध., १२ फेब्रु.
ढेमसं वर आलं! आळशासारखं, पण आलं. रंग जरा उतरला.

आईने पहारा धरलाय. मीराकाकूंनी पोह्यांची मूठ पुढे केली तर म्हणे, "हात मागं घे वं बाई. पथ्यावर आहेत."
"काहून? बाळंतीण झाली का?"
"तसंच समज."
"मग डिंकाचा लाडू आणू?"
"जाय वं घरी!"

शनि., १५ फेब्रु.
रो.चे बाबा पहिल्यांदा आमच्याकडे आले. हातात ओली, काळी, वास मारणारी पिशवी. त्यांच्या शेजाऱ्यांच्या टाकीतला मळका स्पंज. रो.नेच फोन करून मागवला होता. बाबा लाजत म्हणाले, "जावयाकडे पहिली भेट, अन् ही घाण घेऊन आलो जी."

आई पाहुण्यांची वस्तू म्हणून ती धुवायला निघाली. आम्ही तिघं एकदम ओरडलो, "नाही!" बिचारी दचकली.

जाताना बाबा हळूच रो.ला, "परत घेऊन जाऊ का बेटा दोघांले? बारा दिवसांनी तू माहेरी येणारच, तेव्हा आणलं तरी चालते." मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेलो. उत्तर ऐकायची हिंमत झाली नाही.

शुक्र., २१ फेब्रु.
पिवळी!! नळी पिवळी. दारात उन्हात धरून आईला दाखवली, मीराकाकूंना दाखवली, कुरिअरवाल्यालाही दाखवली. "मस्त," म्हणाला बिचारा.

दुसऱ्या औषधाची नळी मात्र जांभळी, हवी निळी. टाकीवाला म्हणतो, हे दुसरं विष, नायट्राइट. "घाबरू नका, गाडी रुळावर आली. पण पाणी बदलणं सोडू नका." अर्धंच झालं तर.

रो.ला खरं ते सांगितलं. तिने नळी हातात घेतली, बघितली, बादली उचलून विहिरीकडे गेली.

गुरु., २७ फेब्रु.
रो. आज माहेरी. पिशवी भरताना मी धीर करून विचारलं, "मासोळ्या कशात नेशील?"
"त्या कशाला?" म्हणाली. "तुम्ही आहात ना."

बस सुटल्यावर मी फाट्यावर उगाच उभा राहिलो. घरी येईस्तोवर तिचा फोन. "पाणी बदललं?" मी जेवलो का, ते विचारलं नाही.

बदललं. नळी अजून जांभळीच, कालच्यापेक्षा फिकी वाटते. की माझे डोळे... आईला बोलावलं. ती म्हणते फिकी. मीराकाकू म्हणतात जांभूळच. ढेमसं दोघींकडे पाहत काचेला तोंड लावून बसलंय.