उजवीकडे जाणारे छर्रे

प्रिय ताई,

तुला आणि घरच्या सगळ्यांना खूप प्रेम. मी बरी आहे, पोटभर जेवते. आईला एवढंच वाचून दाखव. तिचा गुडघा आता कसा आहे?

पुढचं फक्त तुझ्यासाठी.

मी आजवर बंद हॉलमध्येच नेमबाजी केली. इथे शिबिरात मोकळ्या मैदानावर आल्यापासून माझे छर्रे सारखे उजवीकडे जात होते. काल माझं डोकं फिरलं आणि माझ्या खोलीतल्या चष्मिशवर मी सगळ्यांसमोर आळ घेतला. "माझ्या रायफलचे स्क्रू तूच फिरवलेस," म्हटलं. तिचे डोळे भरून आले.

सरांनी माझी रायफल घेतली, वारा पडेपर्यंत थांबले आणि चार-पाच छर्रे मारले. सगळे मधोमध लागले. "रायफल ठीक आहे," ते म्हणाले. "तू वारा बघतच नाहीस." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आज सकाळी माझ्या निशाणाजवळ एका काठीला लोकरीचा धागा बांधलेला होता. तो चष्मिशने बांधला होता. मी तोंड उघडणार, तोच म्हणाली, "आधी नेम धर. धागा सरळ लोंबला की मगच चाप ओढ."

तसं केलं. एकही छर्रा भरकटला नाही. सगळ्यांनी पाठ थोपटली, पण तिच्याकडे मान वर करून बघवेना.

माफी अजून मागितलेली नाही. ती समोरच्या पलंगावर रायफल पुसत बसली आहे. पत्र इथेच थांबवते आणि उठते.

तुझी,
धाकटी