मृगातला धूमकेतू

१२ जानेवारी १९८६, रविवार
सगळी मुंबई हॅले हॅले करतेय. सापडला मला! ऑफिसातल्या शिवदासची दुर्बीण आणली. बोरिवलीच्या आमच्या गच्चीवरून आठ वाजता पहिल्याच फटक्यात दिसला. मृगातल्या तीन ताऱ्यांच्या जरा खाली, पांढुरका, धुरकट. शेपूट नाही. मागून येत असेल.

संकल्प : संक्रांतीला खालच्या मजल्यावरच्या जयाच्या घरच्यांना दाखवणे. आणि तिथेच मागणी घालणे. दुर्बीणवाला जावई कोणाला मिळतो?

१४ जानेवारी
वाट लागली.

जयाचे वडील धोंडिरामकाका बघून झकास म्हणाले. मी विषय काढणार, इतक्यात सोनूमावशींनी, म्हणजे जयाच्या आईने, विचारलं, ह्या शेंडेनक्षत्रच ना? मी छाती काढून म्हटलं, शंभर टक्के धूमकेतूच. त्यांनी दुर्बीण परत केली. म्हणाल्या, जंवसर ता आभाळात आसा, तंवसर आमच्यात लगीन ठरवूचा नाय.

तिळगूळ तसाच खिशात घालून वर आलो.

१५ जानेवारी
शिवदास हसला. म्हणाला, यार, तो धूमकेतू नाही, तेजोमेघ. तिथे नवे तारे जन्मतात. म्हणजे अपशकुन नाहीच, उलट बारसंच! रविवारी सांगून टाकतो. मिटलं.

१९ जानेवारी
सांगितलं. काका म्हणाले, काय रे सहदेवा, परवा शंभर टक्के होतं ना? मावशी म्हणाल्या, लगीन अडलं की शिकलेले लोक नक्षत्राचं नाव बदलतात.

मग मी हुकमी मुद्दा काढला. मावशी, धूमकेतू निघून जातो. हा हलणार नाही, लाखो वर्षं तिथेच राहणार.

मावशी मटकन खाली बसल्या.

१० फेब्रुवारी
जिन्यात जया भेटली. आई रोज गॅलरीतून बघते, रोज तिथेच आहे म्हणते. घरात स्थळांची बोलणी चाललीत, काहीतरी कर रे, म्हणाली. डोळे भरले होते. मलाही भीती वाटली. पण धूमकेतू असताना दुसरीकडे तरी लग्न कसं ठरेल? मी सेफ आहे. तिलाही तसंच सांगितलं. चिडून गेली.

२ मार्च
जयाचा साखरपुडा झाला. मुलगा दिंडोशीचा.

धावत खाली गेलो. मावशी, आणि शेंडेनक्षत्र? मावशी शांतपणे म्हणाल्या, त्यांच्या घराकडसून ता दिसना नाय, आडवी बिल्डिंग आसा.

जयाने माझ्या हातावर पेढा ठेवला. मी खाल्ला.