रविवारी चार ते पाच

५ जुलै

ती. अक्कास,
सा. न. वि. वि. मी बरी आहे. बरी नसते तरी हेच लिहिलं असतं, हे तुला ठाऊकच आहे.

ठकूसाठी खेळाची पेटी पाठवली आहे. ती टीव्हीला जोडायची असते. भावजींना म्हणावं, बातम्या कुठे पळून जात नाहीत. दुकानात तासभर उभी राहून एकेक डबा उलटा केला आणि मागची बारीक अक्षरं वाचली. वय किती, मारामारी आहे का, रक्त दिसतं का. दुकानदार वैतागून म्हणाला की बाई, तुम्ही खेळ घेताय की जावई शोधताय. शेवटी शेताचा एक खेळ सापडला. कोबी लावायचा, ओढ्याचं पाणी आणायचं, मेंढ्या चारायच्या. त्यात कोणी मरत नाही, मेंढी म्हातारीसुद्धा होत नाही.

अशा खेळांतून परकी माणसं मुलांशी बोलतात म्हणे, म्हणून त्यातलं बोलणं आणि लिहिणं दोन्ही बंद करून घेतलं. गुप्त आकडा फक्त माझ्याकडे आहे. त्यात माझंही तोंड बंद झालं, पण हात हलवता येतो. माझ्या खोलीतल्या चिमणीकडे असंच यंत्र आहे. ती आमच्याच धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालते, चिवचिव फार, पण मनाने मोकळी. दर रविवारी चार ते पाच ती ते मला देणार. मी इथून आणि ठकू तिथून, दोघी एकाच शेतावर.

फोनवर ती हो, नाही आणि जेवले यापलीकडे जात नाही. मी तरी काय विचारते, जेवलीस का आणि अभ्यास झाला का. तिचे बाबा गेले आणि मी तिला तुझ्या पदरात टाकून इकडे आले, त्याला सव्वा वर्ष झालं. दोघींना एकत्र बसायला कुठेतरी जागा हवी, अक्का. फोनवर हे बोलता आलं नसतं, तुझ्या दोन खोल्यांत पोरीचे कान सगळीकडे असतात.

तुझी माया आहे तशीच राहू दे, त्यावरच दिवस चाललेत.
तुझी,
धाकटी

२६ जुलै

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पेटी पोचली. आमच्या ह्यांनी दोन दिवस तिच्याकडे सवतीसारखं पाहिलं, आता तेच चारच्या आधी टीव्ही पुसून ठेवतात.

बाई गं, तू तर तिथेही धांदरटच निघालीस. कोबी ऐन पायवाटेवर लावलास, मेंढीला पाणी घातलंस आणि ओढ्यात किती वेळा पडलीस ते तुझं तुलाच माहीत. ठकू हसून हसून जमिनीवर बसते. परवा शिवलेल्या गणवेशांची बटणं लावताना ती आपणहून मला सांगत होती की आईला पाण्यातून ओढून काढता येत नाही, पण मी काठावर उभी राहते, मग ती येते बाहेर. वर्षभरात ती एवढी सलग बोललेली मला आठवत नाही. तुझी निवड चांगली झाली.

हातांना जप. चादरी इस्त्री करायच्या त्या गरम रोलरपाशी तुझं लक्ष नसतं, हे मला इथून दिसतं.

आशीर्वाद देऊन हात भरून आलाय, आणखी काय देऊ.
अक्का

३० ऑगस्ट

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझ्या तोंडात साखर पडो, कारण तू म्हणालीस तसंच झालं. उजव्या हाताची दोन बोटं रोलरला लागली. फार नाही, पट्टी होती, आता निघाली. ठकूला सांगू नकोस.

शेतावरचा पूल पाहिलास ना? कुंपणही झालं, कोबी आता ओळीत आहे. ठकूला आवडलं का ते नक्की कळव. फोनवर ती शेताचं नाव काढत नाही आणि मीही काढत नाही.

एक मोठी गोष्ट आहे. मार्चमध्ये माझा इथला करार संपतो. मुकादमबाई विचारत होत्या की आणखी दोन वर्षं राहाल का. मन होत नाही, पण तिकडे येऊन मला काम कुठलं मिळणार? ठकूला रविवार पुरत असेल, ती हसती-खेळती असेल, तर मन घट्ट करीन. नसेल तर सगळं सोडून मार्चमध्ये येते. तू खरं काय ते लिही. तुझ्या शब्दावर सही करणार आहे.

लोभ आहे म्हणून एवढं ओझं टाकते आहे.
तुझी,
धाकटी

१४ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला. शाळांचे गणवेश अंगावर आले आहेत, कॉलरी वळवता वळवता नाकी नऊ येतात.

ठकू बरी आहे. अभ्यास करते, जेवते. रविवारचं शेत नेमाने चाललं आहे, एकही रविवार चुकलेला नाही. तुझा पूल फार सुबक झाला. कोबी उपटायला मात्र दोन बटणं एकदम दाबावी लागतात, त्याने अंगठा भरून येतो. तू आलीस की हात हलवतेस ते बघून बरं वाटतं.

सहीचं तू तुझ्या मनाने ठरव. इथलं म्हणशील तर काळजीचं कारण नाही.

बोटांना लोणी लाव. आशीर्वाद आहेतच.
अक्का

५ ऑक्टोबर

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

काल सही केली. जे आधी सांगायला हवं होतं ते आज लिहिते.

ऑगस्टपासून रविवारी शेतावर मी नसते. बोटं भाजली तेव्हा पहिल्या रविवारी चिमणीला बसवलं. ठकू वाट बघत राहू नये एवढंच मनात होतं. तिने तासाभरात पूल बांधला. मला वाटलं, ठकूला किती आनंद झाला असेल, आई शिकली असं वाटलं असेल. पट्टी निघाली तेव्हा पुन्हा मी बसले असते तर पुन्हा ओढ्यात पडले असते. शिवाय खरं सांगायचं तर आठवड्यात तेवढीच दुपार मला झोपायला मिळते. चिमणी खेळायची आणि मी शेजारच्या खाटेवर झोपायची. बोलायची सोय मीच बंद केलेली, त्यामुळे कोणाला कळायचं कारण नव्हतं.

पोरीला मी शेंडी लावली. पण ती खूश आहे असं तू लिहिलंस, तेवढ्या आधारावर उभी आहे. पुढच्या रविवारपासून मी स्वतः बसेन, पडले तर पडले.

रागाव, पण लोभ कमी करू नकोस.
धाकटी

५ ऑक्टोबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

सही केली नसशील तर करू नकोस. हे पत्र आधी वाच आणि मग काय ते ठरव.

मी तुला खोटं लिहिलं. ऑगस्टच्या मध्यापासून ठकू खेळत नाही. एका रविवारी ती अर्ध्या तासात उठली आणि खिडकीपाशी जाऊन बसली. विचारलं तर तोंडाला कुलूप. पुढच्या रविवारी चार वाजले, पडद्यावर तू आलीस, हात हलवलास, आणि ही जागची हलेना. तू तिथे एकटी उभी होतीस. मला बघवेना गं. आठवडाभर वाफेत उभी राहून आलेली माझी बहीण आणि तिच्याकडे कोणी बघायला नाही. मी ते यंत्र हातात घेतलं आणि हात हलवला.

तेव्हापासून दर रविवारी मीच खेळते. शिवणयंत्र बंद ठेवून कोबी काढते. तू पुढे चालतेस, मी मागून पाणी घालते. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायला लागलं होतं. किती वर्षांनी आपण दोघी एका कामाला लागलो असं वाटायचं. त्या भरात पोरीचं गप्प होणं मी झाकलं आणि काळजीचं कारण नाही असं लिहून मोकळी झाले.

ती बरी नाही. तू ये.
अक्का

१९ ऑक्टोबर

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र माझ्या पत्राला वाटेतच ओलांडून आलं. चादरींच्या ढिगावर बसून ते दोनदा वाचलं. म्हणजे दोन महिने तू आणि चिमणी शेती करत होतात. पोर तिथे नव्हती आणि मीही नव्हते. आणि त्या शेतावर भरवसा ठेवून मी सही केली.

मुकादमबाईंकडे गेले. कागद परत द्या म्हणाले. त्या म्हणाल्या की कागद वर गेला, आता दोन वर्षं काही होणार नाही, फार तर आठ दिवसांची रजा मार्चमध्ये. त्यांनी पाणीसुद्धा विचारलं, वाईट बाई नाहीत.

तुझ्यावर रागावू कशी? आपण दोघींनी एकच केलं. ठकूला सगळं सांग, माझं खोटंही सांग. मला तिच्याशी बोलायला तोंड नाही.

जो काही लोभ उरला असेल तो या वेळी तिला दे.
धाकटी

२ नोव्हेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि. हे असं लिहायचं ते मावशीने सांगितलं.

मावशीने मला सगळं सांगितलं. सांगताना ती रडली, म्हणून मी तिला पाणी दिलं. मला अर्धं माहीतच होतं. पूल झाला त्या दिवशीच मला कळलं की ती तू नाहीस. तू ओढ्याजवळ आलीस की आधी थांबतेस, मग उगाच मागे जातेस, मग पडतेस. ती थांबलीच नाही. मला वाटलं तुला यायचं नसेल आणि तसं सांगायला तुला वाईट वाटत असेल, म्हणून तू कोणाला तरी पाठवलंस. म्हणून मी कोणाला सांगितलं नाही.

तुझी बोटं भाजली होती हे मला आता कळलं. ते आधी सांगितलं असतंस तर मी कोबी एकटीने लावला असता आणि तू नुसती उभी राहिली असतीस तरी चाललं असतं.

दोन वर्षं म्हणजे मी आठवीत असेन. मी मोजलं. मार्चमध्ये आठ दिवस येशील ते शाळेच्या सुट्टीत येतात का ते बघ, नाहीतर मी शाळेत असताना तुझे दिवस जातील.

चिमणीताईंना सांग की त्या छान खेळतात. त्यांच्या घरी कोणी लहान असेल तर त्यांनी तिच्याशी खेळावं.

मला खेळ नको. आता तू मला पत्र लिही, मावशीला लिहितेस तसं मोठं. झोप आली असेल तर दोन ओळी लिही. पण कंटाळा आला म्हणून दुसऱ्या कोणाकडून लिहून घेऊ नकोस. तुझं अक्षर मी ओळखते.

तुझी,
ठकू