दुसरं दार

३ मार्च
लेकीने तिच्या नव्या घराचा नकाशा तपासायला दिला. बापाचाच धंदा उचलला पोरीने, आणि ऐट केवढी! मी लाल पेन्सिलीने मागच्या खोलीला दुसरं दार काढलं. म्हणाली, "बाबा, मागे शेजाऱ्यांची भिंत आहे. दार उघडून त्यांच्या स्वयंपाकघरात जायचं का?"
आमची ही इतकी हसली की बशीतला चहा नकाशावर सांडला. फितूर!

४ मार्च
दार खोडलं. पुन्हा काढलं.

९ मार्च
गवंडीमामा भेटले. फौज सोडून मी पहिली शाळा बांधली तेव्हापासूनचे सोबती. शाळा, कोर्ट, दवाखाना — अर्धं गाव आम्ही उभं केलं, आणि प्रत्येक खोलीला दोन दारं. "साहेब, तुमच्या जिवावर सुतारांनी माड्या चढवल्या!" म्हणाले. खूप हसलो.
कारण मात्र फक्त हिला ठाऊक आहे. आमच्या बंकरला एकच दार होतं. मी पाणी आणायला बाहेर पडलो आणि गोळा आला. दार गाडलं गेलं. माझा दोस्त आत होता. त्यानंतर एका दाराच्या खोलीत मला झोप म्हणून लागलेली नाही. नुसती भीती वाटते, दुसरं काही नाही. लिहून टाकलं — बरं वाटलं.

२० ऑक्टोबर
लेकीचं घर झालं. देखणं! हात माझ्यापेक्षा चांगला आहे — तिला सांगणार नाही, डोक्यावर मिरे वाटेल. मागची खोली खास आमच्यासाठी. दार एकच.
मी म्हटलं, संध्याकाळी निघू. ती उशीचा अभ्रा उगाच नीट करत बसली. त्यापेक्षा भांडली असती तर परवडलं असतं. मग हळूच, "एक रात्र राहा ना, बाबा."
राहतो म्हटलं. आता दाराकडेच बघत बसलोय. ही म्हणते, "दार उघडंच ठेवू, मी उंबऱ्याशी झोपते." या वयात पहारा!
नात मजेत आहे. दीड वर्षाची. आजच तिला जिन्याचा शोध लागलाय.

२१ ऑक्टोबर
आठला जाग आली. म्हणजे झोपलो होतो!
नात माझ्या कुशीत. रात्री आमच्याकडे झोपायला आली आणि सारखी जिन्याकडे पळत सुटली. पायाला नुसती भिंगरी. शेवटी दार लावून आतून वरची कडी घातली.
मी घातली.