किती चमचे घ्यायचं

पुणे
९ फेब्रुवारी

आत्या,

पाया पडते. फोनवर तुला निम्मं कळत नाही आणि निम्मं तू कळलं म्हणून सोडून देतेस, म्हणून हे सविस्तर लिहिते. तसंही ही बातमी कागदावरच पाहिजे.

जमलं, आत्या! मी ज्या पांढऱ्या भुकटीच्या मागे लागले होते, ती कामाला आली.

सोपं करून सांगते. आपल्या प्रत्येक पेशीत एन्झाइम नावाचे कामकरी असतात. कुणी तोडतो, कुणी जोडतो. आम्ही अभ्यासतो त्या कॅन्सरच्या पेशींत त्यातला एक जण बेफाम होऊन राबतो आणि पेशी वाढतच सुटतात. आमचं संयुग, म्हणजे ही भुकटी, नेमकं त्या एकाला धरून ठेवतं, बाकीच्यांना हात लावत नाही. तुम्ही उसात तणनाशक मारता, तण जळतं आणि ऊस उभा राहतो, तसंच समज. एका बशीत कॅन्सरच्या पेशी होत्या, दुसरीत धडधाकट. दोन्हींत तेच घातलं. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तर पहिल्या बशीत वाढ थांबलेली, आणि दुसरीतल्या पेशी मजेत!

मला खरं वाटेना. आमच्या प्रयोगशाळेतल्या अजितला हाक मारली. त्यानं पाहिलं, परत पाहिलं, आणि हातमोज्यांसकट बाहेर जाऊन व्हरांड्यात नाचला. आमच्या मॅडम कधी हसत नाहीत, त्याही हसल्या. अजितनं सगळ्यांना चहा पाजला. पेशींना वेळच्या वेळी खाऊपिऊ घालण्याचं काम त्याचं, म्हणून तो घरी कऱ्हाटीला सणालासुद्धा गेला नव्हता. अजित म्हणतो, एवढ्यानं हुरळून जायचं नाही, प्रयोग पुन्हा करायचा. तू दिलेल्या शेंगदाण्याच्या चटणीचा त्यानं डबाच्या डबा संपवला, ते वेगळंच.

आबांना फोन केला, पण ते "बरं, जेवलीस का?" एवढंच म्हणाले. तू तरी नीट खूश हो. आणखीही काही सांगायचं आहे, पण ते समोर बसल्यावर.

तुझी,
संस्कृती


कळस
१६ फेब्रुवारी

छकुले,

लई मोठी हो. तुझं पत्र आलं तवा डाळिंबाचा तोडा चालला व्हता. हात पुसून बांधावरच वाचाया बसले. बायका म्हणल्या, मोठ्यानं वाचा. मग काय, निम्म्या रानाचं काम थांबलं. माझ्या युवराजनं पिकअप आणून उभी केलेली, माल इंदापूरला न्यायचा, त्यो वरडतोय, आणि आमी बसलोय त्या बशीतल्या पेशी ऐकत! सारजा म्हणली, "आता कॅन्सरची काय टाप न्हाय." मी म्हणलं, पोरगी कुणाची हाय? शाळेला माझ्याच घरात ऱ्हायलेली हाय.

आता एक इचारते. आमच्या आळीत एक बाई हाय. नाव सांगायचं न्हाय, तिनं शपथ घातलीया. तिच्या छातीत गाठ हाय, सुपारीयेवढी. दुखत न्हाय, खुपत न्हाय. पोराला सांगितलं न्हाय, कारण तोड्याचे दिस हायेत आणि पोरगं सगळं टाकून दवाखान्यात पळंल. त्या बाईला तुझं औषध चालंल का? किती चमचे घ्यायचं, जेवायच्या आधी का मागनं, सगळं लिवून धाड. तयार व्हायला येळ लागणार असंल तर ती थांबाया तयार हाय. कडू असलं तरी चालंल.

दुसरं. तुझ्या पत्रात भुकटीपरीस अजितच जास्त सांडलाय. अजित नाचला, अजितनं चहा पाजला, अजितनं माझी चटणी खाल्ली. त्यो काय काम करतो ते कळलं. त्यो तुझा कोण, ते काय कळलं न्हाय.

फुलाआत्या


पुणे
२० फेब्रुवारी

आत्या,

हे पत्र पोस्टात टाकत नाही, स्वतः घेऊन येतेय. तोंडानं सांगायला गेले तर रडेन, आणि मग तू मलाच समजावत बसशील. म्हणून आधी हे वाच, मी समोर बसते.

ती भुकटी औषध नाही. तिच्या बाटलीवरच लिहिलेलं असतं, फक्त संशोधनासाठी. ती अजून उंदरालासुद्धा दिलेली नाही, माणसाची तर गोष्टच सोड. पुढंमागं तिच्यापासून औषध होईल की नाही, कुणालाच सांगता येणार नाही. झालंच तर त्याला कैक वर्षं लागतील. चमचे, जेवणाआधी, जेवणानंतर, यातलं काहीही नाही. मी आनंदाच्या भरात हे लिहायचंच विसरले.

पण गाठ तपासायची आणि लागलं तर काढायची सोय आज आहे, तुझ्या जवळ बारामतीत आहे. लवकर गेलेल्या बाया बऱ्या होतात. थांबण्यानं फायदा फक्त गाठीचा होतो.

आणि आत्या, तुमच्या आळीत सध्या तोडा एकाच घरी चालू आहे.

चिडू नकोस. युवराजदादाला मी काही बोललेले नाही, ते तू सांग. डाळिंबं झाडावर चार दिवस जास्त राहिली तर राहू देत. मला तू पाहिजेस.

तू विचारलंस ते खरं आहे. अजित माझा कोण, ते आबांना सांगायचं धाडस होत नाही, म्हणून तुझ्याकडे येणार होते. तो गाडी घेऊन आलाय, बाहेर उभा आहे. तू हाक मारल्याशिवाय आत येणार नाही म्हणतो.

लुगडं बदल आणि चल.

तुझीच,
संस्कृती


वडगाव निंबाळकर
६ एप्रिल

छकुले,

काल तू मला माझ्या माहेरी सोडून पुण्याला गेलीस आणि मी लगेच लिवाया बसले. तुझी आई म्हणती, "वन्सं, टाकं अजून ओलं हायेत, पडून ऱ्हावा." पण हात चालतोय तर लिवते.

त्या दिशी मी तुझ्यावर लई चिडले व्हते, ते तुला ठावं हाय. गाडीत बसले ती तोंड फिरवूनच. मग तुझ्या अजितला इचारलं, तू त्या पेशींना रोज खाऊ घालतोस व्हय?

"व्हय, आत्या."

"म्हंजी कॅन्सरला पोसतोस?"

त्यो म्हणला, "पोसल्याबिगर त्याचं मर्म कसं कळायचं?" आणि असा हसला की मलाबी हसू फुटलं. बारामती येईस्तवर आमी तिघं हसतच व्हतो. दवाखान्याच्या पायऱ्या चढाया लागले, तवा एका बाजूनं तू धरलंस आणि दुसऱ्या बाजूनं त्यानं. त्यानं इचारलं न्हाय, धरू का म्हणून. त्याच येळी माझ्या मनात पक्कं झालं.

गाठ कॅन्सरचीच निघाली तवा युवराज पोरावानी रडला. मीच त्याला म्हणलं, आरं, निघाली म्हणून तर काढता आली. आता डॉक्टरीणबाई म्हणत्यात की लवकर आलात, पसरलेलं न्हाय. म्होरं किरणं घ्यायची हायेत, गोळ्या हायेत. घेईन की. डाळिंबाला कमी फवारण्या करतो का आपण?

आता तुला ठावं न्हाय ती गोष्ट. आपरेशनच्या आदल्या दिशी डॉक्टरीणबाई माझ्यापाशी येऊन बसल्या. तू तवा गोळ्या आणाया खाली गेली व्हतीस. म्हणल्या, "आजी, गाठ काढल्यावर तपासणीला लागेल तेवढी तपासू. उरलेला तुकडा संशोधनासाठी ठेवला तर चालेल का? सक्ती नाही."

मी म्हणलं, "माझी भाची त्येच काम करती. तिच्याकडंच धाडा."

त्या म्हणल्या, "कुणाकडं जाईल ते सांगता येत नाही. त्यावर तुमचं नावसुद्धा नसतं."

"नाव कशाला पायजेल?" म्हणलं. "तिच्यावानीच कुणाची तरी पोर आसंल की तितं." आणि दिली सही.

तुझ्या भुकटीनं मला कायबी दिलं न्हाय, असं तू दवाखान्यात म्हणलीस आणि डोळं पुसलंस. तसं मनात आणू नगंस. तुझं पत्र आलं नसतं तर मी कुणाला इचारलंबी नसतं. आता माझा तुकडा कुठल्या बशीत पडतोय बघू. तितं कुणी पोरगी रात्रंदिस डोळं लावून बसंल, तिला तिचं उत्तर घावू दे. मग तीबी व्हरांड्यात नाचू दे.

ऱ्हायलं तुझ्या आबांचं. सकाळी जोतीदादा माझ्यापाशी येऊन बसला, तवा म्हणलं, "दादा, कऱ्हाटीचा एक पोरगा हाय." त्यो म्हणला, "मला दिसत न्हाय व्हय? रोज तुझा डबा घेऊन बारामतीला कोण पळत व्हतं?" मग इकडंतिकडं बघितलं आणि म्हणला, "जेवतो का नीट?" तुझ्या बापाचा व्हकार ह्याच्यापरीस मोठा नसतो. येत्या रविवारी त्याच्या घरची माणसं घेऊन ये.

मी मांडवात पुढं बसणार हाय, आणि म्होरं तुझ्या लेकरांच्या बारशालाबी.

जित्तीजागती,
तुझी फुलाआत्या