विवरातलं पाणी कुठे निघतं

३ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तुझी टिटवी आज चेष्टा करायला बसलेली नाही. पाणलोटाचा आराखडा पहिल्यांदाच आपल्या जमातीच्या हाती आलाय आणि तू सांगितलेलं सगळं मी टंकते आहे. मागच्या वर्षी तू म्हणालीस, डोंगरावरच्या विवरात शिरणारं पाणी शाळेमागच्या झऱ्यात निघतं. परवाच्या बैठकीत म्हणालीस, दवाखान्यामागच्या. नेमकं कुठे गं? सोमवारी सह्या झाल्या की ज्या उताराखाली पाणी नाही तिथून रस्ता खोदणार. चुकलं तर पिण्याचा झराच तुटेल. तू दोन जागा सांगितल्यास हे कुणाला बोलले नाही.

रागावू नकोस, माया असू दे.

तुझी भाची

६ मार्च

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद.

रागावू कशाला? गेले चार महिने डोक्यातून गोष्टी निसटतात. परवा चहाचं आधण ठेवून शेजारी जाऊन बसले, भांडं जळालं. तुझ्या काकांना सांगितलं, शेगडीच बिघडली. पाण्याच्या वाटा आईनं मला चालवत शिकवल्या, तिला तिच्या आईनं. त्या माझ्यापाशीच पुसल्या गेल्या तर? जीव थाऱ्यावर नाही बघ.

सह्या थांबव. मावशी विसरते म्हणून सरळ सांग, लाजू नकोस. मी विवरात पोतंभर भुसा टाकते, तुम्ही दोन्ही झऱ्यांवर माणसं बसवा. पाण्याला विचारू.

म्हातारीला अंतर देऊ नकोस.

तुझी मावशी

१२ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

काल तू वर होतीस, मी शाळेमागे. नकाशा बदलायचा म्हणून न भेटताच परतले. आधी माझ्या झऱ्यात भुसा आला. तुझं बैठकीतलं खोटं ठरलं म्हणून रडू फुटलं. तीन तासांनी दवाखान्याकडून निरोप आला, तिथेही निघाला! तू दोन्ही वेळा खरी होतीस. दोन्ही उतार राखीव झाले, रस्ता लांबून वळसा घेणार. आता डॉक्टरांकडे जायचं, सबबी नकोत.

लोभ वाढता ठेव.

तुझी भाची

१५ मार्च

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून जीव भांड्यात पडला. दोनदा वाचलं. एवढं मात्र कळव, विवरात भुसा कुणी टाकला? काका म्हणतात, मीच. दारातल्या माझ्या चपला चिखलानं भरल्यात खऱ्या.

वही घेऊन ये, बाकीच्या पाण्याच्या वाटा लिहून घे. या आठवड्यातच ये.

तुझी मावशी