चौदा इंचांची बैठक

२ नोव्हेंबर

निघालो! गाडीत मी स्वतःच्या हाताने केलेलं: घडीचे दोन पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी, अकरा खण, छताची झडप आणि खिडकीशी वडिलांसाठी — अण्णांसाठी — खास बैठक. उंची बरोबर अठरा इंच. कुणाकडे शिकलो नाही, आणि एकही खण करकरत नाही!

शेवटच्या मुक्कामी गिऱ्हाईक गाडी बघायला येणार. विकायलाच केली आहे. बायको म्हणाली, "म्हणजे आम्ही तुमचं चाचणीचं सामान!"

अण्णा बैठकीवर बसले. लगेच उठून मागच्या पलंगावर गेले. "दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखं वाटतं." बावन्न वर्षांत माझ्या हातच्या एका वस्तूला त्यांनी बरं म्हटलेलं नाही. या बैठकीला म्हणायला लावीन.

३ नोव्हेंबर

घाट लागला. खाली धुकं, वर पिवळं गवत. इथले मैलाचे दगड माझ्या आजोबांनी घडवले, बसवले. अण्णा लहानपणी त्यांचा डबा घेऊन यायचे. म्हणून दगड दिसला की गाडी थांबवा! अण्णा उतरतात, दगडावर टेकतात, दरी बघतात. तिथे बरं तासन् तास बसवतं!

४ नोव्हेंबर

दगडांमधलं अंतर गाडीच्या मीटरवर ताडून पाहिलं. बारा ते तेरा — मैलाला शंभर मीटर कमी. तेरा ते चौदा — दीडशे जास्त. बोललो. जीभ आवरायला हवी होती. लेक म्हणाली, "बाबा, गेलेल्या माणसाचंही माप काढता?"

पुढच्या दगडावर अण्णा माझ्याकडे पाठ करून बसले.

५ नोव्हेंबर

एकतिसाव्या दगडावर अण्णा आपणहून बोलले. "वर बघ." वर झाड. "मागच्यापाशी काय होतं?" झरा.

"डोक्यावर ओझं घेऊन चढणाऱ्याला मैल मोजून कशाला हवा? टेकायला सावली हवी. मापात बसव म्हणून साहेब ओरडायचा. माझे वडील ऐकतील तर शपथ!"

मी टेप काढला. लेकीने कपाळावर हात मारला. दगडाचा माथा सपाट, जमिनीपासून चौदा इंच. बत्तिसावा — चौदा. तेहेतिसावा — चौदा!

संध्याकाळी करवत घेतली. बैठकीचे चारही पाय चार-चार इंच उडवले. एक सूतभर आखूड झाला. खाली कागदाची घडी सरकवली आहे. हे कुणालाही सांगणार नाही.

६ नोव्हेंबर

अण्णा बसले. घोरलेसुद्धा! बरं-वाईट अक्षर नाही. पण चाळिसाव्या दगडापाशी गाडी थांबवली, तर उतरेनात.

"बसलोय ना," म्हणाले.

७ नोव्हेंबर

गिऱ्हाईक आलं. सगळं पसंत. "फक्त ही बुटकी बैठक उपटून टाका." अण्णा तिच्यावरच बसले होते.

नाही म्हणालो. साडेसात लाख रोख देत होता.